पेल एल नुसती कडूच लागते, तिची चव घ्यायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: "मी नाशिकचा. वर्षभरापूर्वी नोकरीसाठी सॅक्रामेंटोला आलो. दर शुक्रवारी ऑफिसची मंडळी टॅपरूमला, म्हणजे बिअरच्या अड्ड्यावर, नेतात. सगळे पेल एल नावाची बिअर मागवतात, ग्लासात नाक घालतात आणि ग्रेपफ्रूट, पाइन, बिस्किट असं काय काय म्हणतात. मला नुसती कडू लागते. नाशिकला असताना वाइनची चव घेणं बऱ्यापैकी जमायचं. इथे माझ्या जिभेत गडबड आहे की ही मंडळी थापा मारतात? चांगली पेल एल ओळखायची कशी?"

तुमची जीभ ठीक आहे आणि ते थापाही मारत नाहीत. (एखादा मारत असेल. प्रत्येक टेबलावर एक असतोच.) तुम्ही पहिल्या घोटावर निकाल लावताय, एवढंच होतंय. मी मूळचा सांगलीचा, आता बरीच वर्षं उत्तर कॅलिफोर्नियात. चौदा वर्षं गॅरेजमध्ये स्वतः बिअर करतो आणि घरगुती बिअरच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. तिथे एका सकाळी आठ-दहा पेल एल ओळीने चाखाव्या लागतात. सुरुवातीची दोन वर्षं मलाही ती काढ्यासारखीच लागायची. त्या टेबलांवर बसून जे शिकलो ते असं, की पेल एलबद्दल मत द्यायचं ते ग्लास अर्ध्याखाली आल्यावर आणि बिअर जरा कोमटली की. पहिला घोट फक्त जिभेला खबर देण्यापुरता.

कडूपणापासून सुरुवात करू, कारण अडलंय तिथेच. वाइनमध्ये तुम्हाला सवय झाली ती तुरट आणि आंबट या दोन चवींची. बिअरमध्ये या दोन्ही जवळपास नसतात, त्यांच्या जागी कडू येतं, आणि कडू चवीला माणूस जन्मजात घाबरतो. त्यातही कुणाला कडू फार जाणवतं, कुणाला कमी. हा फरक उपजत असतो. पण आपल्याकडे कडू खायची परंपरा आहे की. मेथीचा लाडू आठवा. नुसती मेथीपूड तोंडात टाकली तर थुंकाल. गूळ, तूप, डिंक, खारीक यांच्या सोबतीने तीच मेथी दुसरा लाडू उचलायला लावते. कडू कमी झालेलं नसतं, त्याला खाली बसायला जागा मिळालेली असते. पेल एलमध्ये गुळाचं काम माल्ट करतं. माल्ट म्हणजे मोड आणून, वाळवून भाजलेलं बार्ली. त्यातला 'क्रिस्टल' नावाचा प्रकार ओला असतानाच शेकतात, म्हणून दाण्याच्या आतच साखर तयार होऊन ती करपते आणि बिअरला काकवीच्या जवळची चव आणि तांबूस झाक येते. तेव्हा पेल एल पिताना "किती कडू आहे" असं न विचारता "या कडूखाली काय आहे" असं विचारायचं. खाली काहीच सापडलं नाही, तर बिअर फसलेली आहे.

कॅनवर आयबीयू नावाचा आकडा छापलेला दिसेल. तो कडूपणाचा आकडा, साधारणपणे लिटरमध्ये किती मिलिग्रॅम कडू द्रव्य विरघळलंय त्याचा. अमेरिकन पेल एल परीक्षकांच्या तक्त्याप्रमाणे ३० ते ५० च्या दरम्यान असते, अल्कोहोल साडेचार ते सव्वासहा टक्के. पण त्या आकड्यावर फार विसंबू नका. ४० आयबीयूची दाट, गोडसर स्टाउट (काळी बिअर) तुम्हाला मवाळ लागेल आणि तेवढ्याच आयबीयूची कोरडी पेल एल टोचेल. लाडवात मेथी किती हे सांगून लाडू कसा लागेल ते कळत नाही, गूळ किती तेही सांगावं लागतं.

आता ग्रेपफ्रूटची गोष्ट. इंग्लंडमध्ये पेल एल अठराव्या शतकापासून आहे. तिथल्या हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या बोंडांचा, वास मातीचा, चहाच्या पानाचा, थोडा मुरंब्याचा. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर मोठ्या कंपन्यांनी लहानांना गिळलं, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी अख्ख्या देशात बिअर करणाऱ्या कंपन्या शंभराच्याही आत उरल्या होत्या. सगळे जवळपास एकच फिकट लागर (गारव्यात आंबवलेली सौम्य बिअर) विकत होते. अशा काळात, १९७२ साली, ऑरेगनमधल्या सरकारी हॉप संशोधनातून 'कॅस्केड' नावाचं वाण बाहेर पडलं. इंग्लिश 'फगल' आणि एक रशियन वाण यांच्या संकरातून आलेलं, बुरशीच्या रोगाला टिकेल म्हणून केलेलं. त्याला संत्रावर्गी फळांच्या सालीचा वास होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये आपल्या लिबर्टी एलमध्ये ते सढळ हाताने वापरलं. मग १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर करायला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि १९८० मध्ये तुमच्यापासून दोन तासांच्या आत असलेल्या चिको गावात केन ग्रॉसमन आणि पॉल कॅमुसी यांनी सिएरा नेव्हाडा सुरू केली. ग्रॉसमन आधी तिथे घरी बिअर करणाऱ्यांसाठी सामानाचं दुकान चालवायचे. ब्रुअरीची भांडी त्यांनी जुन्या डेअऱ्यांमधून जमवली. पेल एल मनासारखी आणि दर वेळी सारखी होईपर्यंत सुरुवातीचे बरेच घाणे त्यांनी सरळ ओतून दिले. आज तुमच्या टेबलावरची मंडळी "ग्रेपफ्रूट" म्हणतात ते या एका वाणामुळे आणि या एका बिअरमुळे. कॅस्केड येईपर्यंत बिअरला असा वास यावा असं फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

आता अडचण अशी की तुम्ही लहानपणी ग्रेपफ्रूट खाल्लेलं नाही आणि पाइनच्या जंगलातही फिरलेला नाहीत. आठवणीच्या कपाटात जे नाही ते नाकाला सापडत नाही. म्हणून त्यांचे शब्द सोडा, आपले घ्या. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि गोड संत्रं यांच्या संकरातून झालेलं फळ. कोकणात, गोव्यात गणपतीच्या माटोळीला टांगतात ते पपनस. त्याची जाड साल सोलताना बोटांना जे तेल लागतं आणि डोळ्यांत बारीक तुषार उडतो, तो वास म्हणजे कॅस्केड. मोसंबीची साल वाकवून तेल उडवलंत तरी चालेल. पाइन म्हणजे राळ किंवा न पेटवलेला धूप. देवघरातला धुपाचा डबा उघडल्यावर पहिल्यांदा येतो तो ओलसर, चिकट वास. माल्टच्या बाजूला ते "बिस्किट" म्हणतात, तिथे मला तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा खरपूस पापुद्रा आठवतो. "कॅरॅमल" म्हणजे काकवी. एकदा हे शब्द बसले की टेबलावर तुम्हीही बोलायला लागाल, आणि त्यांना पपनस समजावून सांगावं लागेल ही वेगळी गंमत.

एक प्रसंग सांगतो. वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात हॉप्सची तोडणी ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन सप्टेंबरभर चालते. अमेरिकेतली बहुतांश हॉप्स त्या भागातच पिकतात. अठरा फूट उंच तारांवर चढवलेले वेल, दोन ओळींमधून चालताना वर आभाळाची फक्त पट्टी दिसते. शेतकऱ्याने ओंजळभर कॅस्केडची बोंडं माझ्या हातात दिली आणि म्हणाला, चोळ. हिरव्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीजर्द पूड असते, ल्युप्युलिन. तळहात एकमेकांवर घासले तशी ती पूड चिकट झाली आणि हात थेट हळद कांडल्यासारखे पिवळे. सांगलीच्या हळदीच्या पेठेत वाढलेल्या माणसाला हात पिवळे होण्याचं काय कौतुक, पण वास आला तो पपनस, राळ आणि ताज्या गवताचा, एकदम, एकावर एक. मग त्याने शेजारच्या ओळीतलं दुसरं वाण दिलं, त्यातून पिकलेल्या पेरूचा वास. त्या दिवशी मला कळलं की हे वास बिअरवाल्यांनी बाटलीत बाहेरून घातलेले नसतात. अनेक जण मला अजून विचारतात, "यात कसला इसेन्स घालतात?"

हीच पूड बिअरमध्ये दोन कामं करते. माल्टचं गोड पाणी उकळत असताना सुरुवातीला हॉप्स टाकली तर तासभराच्या उकळीत त्यातली आम्लं बदलून कडू होतात आणि सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. शेवटच्या काही मिनिटांत टाकली तर कडू कमी आणि वास जास्त. आंबवण होऊन गार झालेल्या बिअरमध्ये टाकली, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात, तर कडू जवळजवळ वाढत नाही, वास मात्र भरभरून उतरतो. फोडणीत घातलेला कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांच्यात असतो तसा हा फरक. म्हणूनच एखाद्या बिअरचा वास प्रचंड आणि कडूपणा बेताचा असू शकतो, किंवा उलटही.

आता प्रत्यक्ष चाखू. पहिल्यांदा टॅपरूममधली नवी, भन्नाट नावाची बिअर घेऊ नका. दुकानातून सिएरा नेव्हाडा पेल एलच्या बाटल्या आणा. ५.६ टक्के, ३८ आयबीयू, चार दशकं बाजारात आणि आजही या प्रकाराची मोजपट्टी. घरी, शांतपणे, जेवणाआधी बसा. अगरबत्ती, फोडणी, परफ्यूम काही नको. फ्रिज साधारण तीन-चार अंशांवर असतो, आणि इतक्या गार बिअरचा वास बाहेरच पडत नाही. बाटली काढून दहा-पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवा, सात ते दहा अंशांवर आली की पुरे. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवण्याचा अमेरिकन अतिरेक करू नका, त्याने जीभ बधिर होते आणि बर्फाचं पाणी बिअरमध्ये उतरतं.

ग्लास कसाही चालेल, पण स्वच्छ हवा, आणि हे स्वच्छ म्हणजे डोळ्यांना दिसणारं स्वच्छ नव्हे. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तिथे साबण किंवा तेलाचा अंश आहे. आपल्या घरात ग्लास कढईच्याच स्क्रबरने घासले जातात, त्यामुळे हे हमखास होतं. बिअरच्या ग्लाससाठी वेगळा स्क्रबर ठेवा. बायकोने मला यावरून बरंच ऐकवलंय, पण फेस टिकायला लागला तसं तीही गप्प झाली.

ग्लास तिरपा धरून अर्धी बिअर ओता, मग ग्लास सरळ करून मध्यभागी. दोन बोटं फेस यायलाच हवा. आपल्याकडे फेस म्हणजे वेटरने फसवलं असा समज आहे. पण वास वर आणतो तो फेसच, आणि तो फेस उभा राहतो माल्टची प्रथिनं आणि हॉप्समधली कडू द्रव्यं यांच्या जोरावर. नुसता फेस चाटून पाहा, खालच्या बिअरपेक्षा कडू लागेल. या बाटलीच्या तळाशी यीस्टचा पातळ थर असतो, कारण तिच्यातला वायू बाटलीतच आंबून तयार होतो. शेवटचा बोटभर भाग ठेवून दिलात तर बिअर नितळ राहते. तोही ओतलात तर थोडी गढूळ आणि चवीला पावासारखी होते. दोन्ही बरोबर.

रंग बघा, पण त्यात वेळ घालवू नका. गडद सोनेरी ते फिकट तांबूस, उजेडात धरलं तर मधासारखा. झालं.

वास घेताना लांब श्वास ओढू नका. कुत्र्यासारखे दोन-तीन छोटे हुंगे घ्या आणि ग्लास खाली ठेवा. नाक फार लवकर दमतं. दमलं असं वाटलं तर स्वतःच्या मनगटाचा किंवा शर्टाच्या बाहीचा वास घ्या, नाक पुन्हा कोऱ्या पाटीवर येतं. पहिल्या हुंग्यात पपनसाची साल मिळेल. दुसऱ्यात त्यामागे भाकरीचा पापुद्रा शोधा. दोन्ही एकदम सापडत नाहीत. मी नवशिक्यांना सांगतो, आधी हॉप्स विसरा आणि फक्त भाकरी शोधा, कारण हॉप्स आपण होऊन येतातच.

मग घोट. लहान नको, तोंडभर. जिभेवर सगळीकडे फिरवा. शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा होता, टोकाला गोड, मागे कडू, तो चुकीचा आहे. सगळ्या चवी सगळीकडे लागतात. तरी कडू मागच्या बाजूला जास्त रेंगाळतं, म्हणून वाइनच्या टेस्टिंगमध्ये तुम्ही थुंकत असाल तसं इथे थुंकत नाहीत. गिळा, तोंड मिटा, आणि श्वास नाकातून बाहेर सोडा. या उच्छ्वासातच सगळं आहे. घशातून वर आलेला वास नाकात मागच्या दाराने शिरतो आणि मघाशी फक्त "कडू" वाटलं होतं ते वेगवेगळं होऊन उभं राहतं. आधी किंचित गोडवा, मग भाकरी, मग पपनस, आणि शेवटी सालीचा पांढरा भाग चावल्यासारखा कडवटपणा. तो पाच-सात सेकंदांत सरून तोंड कोरडं, स्वच्छ झालं तर उत्तम. घशाला ओरखडा राहिला, ॲस्पिरिनची गोळी विरघळल्यासारखं वाटलं, तर तो कडूपणा खडबडीत आहे, आणि हा दोष बिअर करणाऱ्याचा.

आता ग्लास ठेवून द्या. गप्पा मारा, दाणे खा, पाणी प्या. दहा मिनिटांनी परत या. बिअर कोमटलेली असेल, वायू थोडा कमी झालेला असेल. या घोटात माल्ट पुढे येतं. चांगली पेल एल इथे रुंद होते, गोलसर लागते. वाईट पेल एल इथेच उघडी पडते. गार असताना लपलेली गोडमिट्ट चव, ओला पुठ्ठा, लोणी, सगळं बाहेर येतं. परीक्षक म्हणून मी पहिल्या घोटाला फक्त टिपण लिहितो. गुण देतो ते या घोटाला.

दोष ओळखायला शिकलात तर गुण आपोआप कळतील, म्हणून यावर थोडं थांबतो. ओला पुठ्ठा, जुनं वर्तमानपत्र असा वास म्हणजे बिअर म्हातारी झाली, प्राणवायूने खाल्ली. लोण्याचा, थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर तेलकट थर म्हणजे यीस्टला काम पुरं करू दिलं नाही. लोण्यासोबत ताकासारखा आंबट वास नळाच्या बिअरमध्ये आला, तर बहुधा टॅपच्या नळ्या धुतलेल्या नाहीत. त्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात असा दंडक आहे, तो सगळे पाळतात असं नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे घाईने भरलेली बिअर. आणि कांदा-लसूण! हा आपल्या नाकाला फार पटकन कळतो. काही वाणं उशिरा तोडली की त्यातून तो येतो. काहींना आवडतो. मला कांदा-लसूण मिसळीत आवडतो.

एक प्रयोग घरी जरूर करा. एकाच बाटलीतली बिअर दोन काचेच्या ग्लासांत ओता. एक उन्हात ठेवा, एक कपाटात. पंधरा मिनिटांनी दोन्ही हुंगा. उन्हातल्या ग्लासाला हायवेवर चिरडलेल्या स्कंकची (घाण वासाचा फवारा मारणारा इथला प्राणी) दुर्गंधी येईल. कॅलिफोर्नियात राहता म्हणजे ती ओळखीची झालीच असेल. प्रकाशाने हॉप्सची कडू द्रव्यं मोडतात आणि गंधकाला चिकटून एक असं संयुग तयार होतं, जे स्कंकच्या फवाऱ्यातल्या द्रव्यांचं अगदी जवळचं भावंड आहे. तपकिरी बाटली हे बरंचसं अडवते, हिरवी आणि पारदर्शक नाही अडवत, कॅन पूर्ण अडवतो. हिरव्या बाटलीतल्या परदेशी लागरला "तीच तर तिची खास चव" म्हणणारे लोक याच दोषाच्या प्रेमात असतात.

त्यामुळे विकत घेताना नाव पाहण्याआधी तारीख पाहा. कॅनच्या तळाला किंवा बाटलीच्या मानेवर ती असते. काही ठिकाणी नुसता तीन आकडी दिवस छापतात. १४७ म्हणजे वर्षाचा एकशेसत्तेचाळिसावा दिवस, २७ मे. पेल एल भरल्यापासून दोन-तीन महिन्यांत प्यावी, तीही सतत फ्रिजमध्ये राहिलेली. धंद्यातले लोक ३-३०-३०० चा ढोबळ हिशेब सांगतात. ३२ अंशांच्या उष्म्यात तीन दिवस, २२ अंशांच्या खोलीत तीस दिवस, किंवा ३ अंशांवर तीनशे दिवस, बिअर तेवढीच शिळी होते. सॅक्रामेंटोच्या जुलैमध्ये गाडीच्या डिकीत विसरलेला सहाचा पॅक म्हणजे काय झालं असेल ते बघा. एका दुकानातून मी मोठ्या कौतुकाने सवलतीत पूर्ण खोकं घेतलं होतं, घरी येऊन तारीख पाहिली तर अकरा महिन्यांची. पपनस गेलेलं, उरलं होतं ते कडू आणि गोडसर पुठ्ठा. तुम्ही आतापर्यंत प्यायलेल्यांपैकी एखादी अशीच असण्याची शक्यता नाकारता येत नाही. हॉप्सचा वास आधी मरतो, कडू मागे राहतं, आणि माणूस समजतो की ही बिअरच अशी आहे.

माझा स्वतःचा पराक्रमही सांगून टाकतो. चौथ्या-पाचव्या वर्षी ड्राय हॉपिंग करताना मी पिंपाचं झाकण उघडं ठेवून हॉप्स निवांत ढवळली, आमटी ढवळावी तशी. पहिल्या आठवड्यात बिअर सुंदर. तिसऱ्या आठवड्यात सोनेरी रंग जाऊन गढूळ तपकिरी झाली आणि वास भिजलेल्या वहीचा. वीस लिटर मोरीत. तेव्हापासून आंबवण झाल्यावर माझ्या बिअरला हवेचं तोंड दिसत नाही.

तुमची मंडळी पेल एल आणि तिची जास्त हॉप्सवाली बहीण आयपीए (इंडिया पेल एल) यांतला फरक कसा सांगतात ते माहीत नाही, पण तक्त्यांत या दोघी एकमेकींवर चढलेल्या आहेत. आयपीए साधारण साडेपाच ते साडेसात टक्के आणि कडूपणात ४० ते ७०. सहा टक्क्यांच्या बिअरला काय नाव द्यायचं हे बऱ्याचदा विकणारा ठरवतो. माझा स्वतःचा निकष असा की माल्ट आणि हॉप्स एका पाटावर बसलेले असले की पेल एल, हॉप्स पाटावर आणि माल्ट जमिनीवर असला की आयपीए. कोलोरॅडोच्या ऑस्कर ब्लूजने २००२ पासून कॅनमध्ये भरलेली डेल्स पेल एल साडेसहा टक्क्यांची आहे, म्हणजे तक्त्याच्या बाहेर, पण तिच्यात माल्ट इतका भरभक्कम आहे की मी तिला पेल एलच म्हणेन. याउलट ऑरेगनच्या डेशूट्सची मिरर पाँड पाच टक्क्यांची, कॅस्केडचीच, पण सिएरा नेव्हाडाहून मवाळ. तुमच्यासारख्याने दुसरी बिअर म्हणून हीच घ्यावी. तिसरी म्हणून 'सिट्रा' वाणाची एखादी घ्या. आयोवाच्या टॉपलिंग गोलायथची सूडो सू मिळाली तर बघा. तिथे पपनसासोबत आंबाही सापडेल. या तिन्ही शेजारी ठेवून छोटे छोटे घोट घेतलेत, प्रत्येकी शंभर मिलिलिटरच्या आत, तर एका संध्याकाळी जे कळेल ते दहा शुक्रवारांत कळणार नाही. गाडी त्या दिवशी दुसऱ्याला चालवू द्या.

हल्लीच्या गढूळ, रसासारख्या दिसणाऱ्या 'हेझी' पेल एलबद्दल विचाराल. ओट आणि गहू घातल्याने त्या मऊ असतात, कडू फारच कमी. तुम्हाला कदाचित त्याच आवडतील, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझी तक्रार एवढीच की चारांपैकी तीन मला एकसारख्या लागतात, आणि दुसरा ग्लास मागवावासा वाटत नाही. पेल एल ही दुसरा ग्लास मागवावा म्हणूनच केलेली बिअर आहे.

सोबत काय खायचं? "तिखट जेवणाबरोबर हॉप्सवाली बिअर" हा सल्ला इथे सगळीकडे मिळतो, तो जपून घ्या. कडूपणा आणि वायू दोन्ही मिरचीची आग वाढवतात. ठेच्याबरोबर पेल एल प्यायलात तर दोन्हींचा अपमान होतो. खारट आणि तळलेलं मात्र फार छान जातं. कांदाभजी, बटाटेवडा लसणीच्या चटणीशिवाय, रवा लावून तळलेली सुरमई, भाजलेले शेंगदाणे. मीठ कडूपणाला मवाळ करतं आणि कडूपणा तेल पुसून टाकतो. मुरवलेलं चेडर चीज हा इथला उत्तम जोडीदार. पातळ पोह्यांचा चिवडा माझा आवडता, पण त्यातली मिरची आणि शेव बाजूला सारून. त्यातल्या डाळ्याला आणि खोबऱ्याला जो भाजका वास असतो तो माल्टशी नेमका जुळतो.

एक किरकोळ गोष्ट राहिली. टेबलावर कुणी "डँक" म्हणालं तर बावचळू नका. ते गांजाच्या वासाबद्दल बोलत असतात. हॉप्स आणि गांजा एकाच कुळातल्या वनस्पती आहेत, त्यामुळे नाक चुकलेलं नसतं.

शुक्रवारी टॅपरूमला गेलात की आधी विचारा, पेल एलचा पिंप कधी लावला. काउंटरवरचा माणूस चटकन सांगेल तर पूर्ण ग्लास घ्या. तो गोंधळला तर चाखायचा छोटा ग्लास मागा आणि लोणी, ताक, पुठ्ठा यांपैकी काही आहे का ते हुंगून मगच ठरवा.